कारखान्यात नवे काय घडले? हुबळी-धारवाडच्या उद्योगांतील नवोपक्रम कसे मोजावेत

उद्योगातला नवोपक्रम म्हणजे नवी किंवा सुधारलेली वस्तू, सेवा वा कामाची पद्धत. ती त्या उद्योगाच्या आधीच्या मालापेक्षा किंवा पद्धतीपेक्षा ठळकपणे वेगळी हवी आणि एकतर बाजारात आलेली किंवा प्रत्यक्ष वापरात असलेली हवी. बहुतेक देशांची नवोपक्रम-सर्वेक्षणे हीच व्याख्या धरून चालतात. ती ‘ऑस्लो मॅन्युअल’ या पुस्तिकेतली आहे. ही पुस्तिका 1992 साली प्रथम निघाली, 1997 आणि 2005 मध्ये सुधारली गेली आणि ओईसीडी ही देशांची आर्थिक संघटना व युरोस्टॅट हे युरोपीय संघाचे सांख्यिकी कार्यालय यांनी 2018 मध्ये तिची चौथी आवृत्ती काढली.

विकसनशील देशात या व्याख्येतला ‘त्या उद्योगाच्या आधीच्या’ हा भाग सर्वांत महत्त्वाचा ठरतो. वस्तू जगात पहिली असावी अशी अट नाही. हुबळीच्या गोकुळ रोडवरच्या एखाद्या लहान मशीन शॉपने यंदा पहिले सीएनसी लेथ बसवले, तर पुण्या-कोल्हापुरात तसे लेथ केव्हाच जुने झाले असले तरी त्या शॉपपुरता तो नवोपक्रमच आहे. त्याच शॉपने आधीच्या दोन सीएनसींच्या जोडीला तसेच तिसरे घेतले, तर तो नुसता विस्तार. मशीनवरचा सुटा भाग बदलणे, सणासुदीला मालाचा रंग बदलणे, कच्चा माल महागला म्हणून दर वाढवणे, किंवा तोट्यातला माल काढणे बंद करणे हेही यात बसत नाही. चालू असलेला, अजून मार्गी न लागलेला प्रयोग नोंदवावा जरूर, पण नवोपक्रम म्हणून मोजू नये.

सर्वेक्षणाची गरज का पडते, याचे उत्तर साधे आहे. संशोधनावरचा खर्च आणि पेटंट हे दोन आकडे सहज मिळतात. संशोधन-खर्च कसा मोजावा हे सांगणारे ‘फ्रास्काती मॅन्युअल’ तर 1963 पासून उपलब्ध आहे. पण हे दोन्ही आकडे मोठ्या, प्रयोगशाळा असलेल्या कंपन्यांचे असतात. हुबळी औद्योगिक व्हॉल्व्हसाठी ओळखली जाते ती बीडीके आणि मायक्रोफिनिश यांसारख्या नावांमुळे, आणि अशा कारखान्यांच्या अवतीभवती कास्टिंग, मशीनिंग व जॉबवर्क करणाऱ्या लहान शॉपचे जाळे असते. अशा शॉपमध्ये व्हॉल्व्हची बॉडी पाच वेळा उलटसुलट बांधून मशीन करावी लागत होती असे समजा. सुपरवायझरने बॉडी पक्की धरून ठेवणारे एक फिक्स्चर बनवले आणि दोनदा बांधण्यात काम होऊ लागले. सेटिंगचा वेळ निम्म्यावर आला, फ्लँजच्या भोकांची केंद्रे चुकेनाशी झाली. याचे पेटंट नाही, संशोधन म्हणून हिशेबात नोंद नाही, लोखंडही स्क्रॅपमधले. कोणत्याही सरकारी तक्त्यात हे फिक्स्चर कधी दिसणार नाही. ते दिसायचे असेल तर त्या शेडमध्ये जाऊन विचारावेच लागते.

देशपातळीवरचे आकडे

भारतात असे विचारण्याचे दोन मोठे प्रयत्न झाले. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने पहिल्या राष्ट्रीय सर्वेक्षणाचा अहवाल 2014 मध्ये प्रसिद्ध केला. त्यात 9001 उद्योगांची उत्तरे होती आणि त्यांतले 3184, म्हणजे सुमारे 35 टक्के, नवोपक्रमी ठरले. पुढे याच विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या औद्योगिक विकास संघटनेबरोबर 2021-22 चे उत्पादन-क्षेत्राचे सर्वेक्षण केले. त्यात आठ हजारांहून अधिक उद्योग होते, नवोपक्रमी उद्योगांचे प्रमाण सुमारे 25 टक्के निघाले आणि राज्यांच्या क्रमवारीत कर्नाटक पहिले आले.

हे दोन आकडे शेजारी ठेवून ‘देशातला नवोपक्रम दहा टक्क्यांनी घसरला’ असे म्हणण्याचा मोह होतो. तसे म्हणता येत नाही. दोन्ही वेळी कोणाला विचारले, किती काळाबद्दल विचारले आणि काय शब्द वापरले, यांत फरक आहे. कर्नाटक पहिले आल्याच्या बातमीचेही तसेच. राज्याच्या सरासरीत बंगळूरचा वाटा मोठा असतो. त्या आकड्यावरून हुबळी-धारवाडबद्दल काहीच कळत नाही. ‘बियाँड बेंगळुरू’ या राज्याच्या धोरणात हुबळी-धारवाड-बेळगाव हा एक समूह धरला आहे. त्याची प्रगती मोजायची तर स्थानिक सर्वेक्षणाला पर्याय नाही, आणि ते उद्योग संघटना, महाविद्यालये किंवा संशोधन संस्था यांच्या आवाक्यातले काम आहे.

जागतिक बँकेच्या ‘एंटरप्राइझ सर्व्हे’मध्येही नवोपक्रमाचे प्रश्न असतात. त्यात पाच वा अधिक कामगार असलेल्या नोंदणीकृत खासगी उद्योगांना विचारले जाते. याच मालिकेतल्या आफ्रिका आणि दक्षिण आशियातल्या देशांची उत्तरे शावियर सिरेरा आणि सिल्व्हिया मुझी या बँकेच्या संशोधकांनी तपासून पाहिली. ‘तुम्ही नवीन वस्तू बाजारात आणली का?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणणाऱ्यांनी सोबत केलेले वर्णन वाचल्यावर त्यांतल्या बऱ्याच गोष्टी नवोपक्रम ठरेनात. कोणी विक्रीची नवी युक्ती वस्तू म्हणून सांगितली होती, कोणी वस्तूतला बदल पद्धतीत टाकला होता, कोणी नवा ग्राहक मिळाल्यालाच नवोपक्रम म्हटले होते. उत्तर देणारे खोटे बोलत होते असे नाही. एका ओळीच्या प्रश्नात एवढी गुंतागुंत मावत नाही. स्थानिक सर्वेक्षण आखताना या अभ्यासातून घ्यायचे ते इतकेच, की ‘हो’ किंवा ‘नाही’ हा निकाल मालकाकडून घेऊ नये. मालकाकडून वर्णन घ्यावे आणि निकाल तपासनीसाने लावावा. पुढची सारी आखणी याच नियमावर उभी आहे.

कोणाला विचारायचे

पहिले काम यादीचे, आणि ते दिसते त्यापेक्षा किचकट आहे. जिल्हा उद्योग केंद्र, औद्योगिक वसाहतींचे भूखंडधारक, 1928 साली स्थापन झालेली हुबळीची कर्नाटक चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री, उत्तर कर्नाटकातल्या लघुउद्योजकांची संघटना, अशा प्रत्येकाकडे आपापली यादी असते आणि प्रत्येकीचा कल वेगळा असतो. संघटनेचे सभासद बहुधा जुने आणि बऱ्यापैकी चाललेले. भूखंडांच्या यादीत बंद पडलेली शेडही असतात आणि पोटभाड्याने दिलेलीही. 1 जुलै 2020 पासून सुरू झालेली ‘उद्यम’ नोंदणी सर्वांत व्यापक आहे, पण ती मालकाच्या स्वतःच्या घोषणेवर चालते, आणि पुढच्याच वर्षी तिच्यात घाऊक व किरकोळ व्यापारीही आले. केंद्राची उद्योगांची वार्षिक पाहणी मुख्यतः कारखाना कायद्याखालचे कारखाने घेत आली आहे, म्हणजे वीज वापरणारे दहा वा अधिक कामगारांचे आणि वीज न वापरणारे वीस वा अधिक कामगारांचे. आठ माणसांचे मशीन शॉप तिच्यात येतच नाही.

म्हणून दोन-तीन याद्या जुळवाव्यात, दुबार नावे काढावीत आणि मग गोकुळ रोड, तारिहाळ, रायापूर, बेलूर अशा वसाहतींतून निदान काही गल्ल्या पायी फिरून यादी पडताळावी. कागदावर नसलेली शेडे तेव्हाच सापडतात. पडताळणीला दोन-चार दिवस जातात म्हणून ती गाळली जाते, आणि मग अर्धा नमुना कुलूप लागलेल्या दारांवर वाया जातो.

यादीत ‘उद्योग’ म्हणजे काय हेही आधी ठरवावे लागते. एकाच शेडमध्ये वडिलांच्या, मुलाच्या आणि सुनेच्या नावावर तीन फर्म असणे काही दुर्मिळ नाही. कर्ज आणि कराच्या सोयीसाठी तसे केलेले असते. मशीन तेच, कामगार तेच, निर्णय घेणारा माणूसही एकच. अशा वेळी तिन्ही मिळून एक उद्योग धरावा. नाहीतर एकच फिक्स्चर तीनदा मोजले जाते.

उलटी अडचण मोठ्या कारखान्यांची. धारवाडजवळच्या बेलूर औद्योगिक वसाहतीत टाटा मोटर्सचे आणि टाटा हिताचीचे कारखाने आहेत, पण या कंपन्यांची मुख्य कार्यालये इतरत्र आहेत. अशा शाखा-कारखान्यात नवे मॉडेल सुरू झाले, तर त्याचा आराखडा आणि निर्णय बाहेरचा असू शकतो. ऑस्लो पुस्तिका शक्यतो पूर्ण कंपनी हे एकक धरायला सांगते. शहराचे सर्वेक्षण करणाऱ्याला मात्र कारखानाच समोर दिसतो. मार्ग असा, की एकक कारखानाच ठेवावा आणि प्रत्येक बदलापुढे ‘कल्पना कुठली, निर्णय कुठला’ हे नोंदवावे. शाखा-कारखान्यांचे आकडे वेगळ्या रकान्यात द्यावेत. त्यांना स्थानिक लघुउद्योगांत मिसळले, तर शहर आहे त्याहून फार पुढारलेले दिसते.

तीन वर्षांहून कमी वयाच्या कंपन्यांचेही तसेच. देशपांडे फाउंडेशनच्या उपक्रमातून किंवा केएलई तांत्रिक विद्यापीठाच्या नवउद्योग केंद्रातून बाहेर पडलेल्या स्टार्टअपला ‘आधीचा माल’च नसतो, त्यामुळे तिचे सगळेच नवे. अशा कंपन्यांची तुलना बाजारातल्या इतर मालाशी करावी आणि त्यांचा निकाल स्वतंत्र मांडावा.

नमुना आणि भार

सर्वांना विचारणे परवडत नाही, म्हणून नमुना घ्यायचा. उद्योगांचे आकारानुसार स्तर करावेत, मोठे सगळे घ्यावेत, मध्यम निम्मे, लहानांतले थोडे चिठ्ठी टाकून. चिठ्ठी म्हणजे चिठ्ठीच. ओळखीच्या मालकापासून सुरुवात करून त्याने सुचवलेल्या मित्रांकडे जाणे नव्हे. आकाराचा निकष कामगारसंख्येवर ठेवावा. सूक्ष्म-लघु-मध्यम ही सरकारी वर्गवारी गुंतवणूक आणि उलाढालीवर आहे आणि तिच्या मर्यादा 1 एप्रिल 2025 पासून बऱ्याच वाढल्या. तिच्यावर स्तर बेतले, तर काल लघु असलेला कारखाना काहीही न बदलता आज सूक्ष्म होतो.

भार म्हणजे वजन का द्यायचे, हे एका काल्पनिक हिशेबाने स्पष्ट होईल. समजा, यादीत 600 उद्योग आहेत. 20 मोठे, 80 मध्यम, 500 लहान. मोठे सर्व 20 विचारले, त्यांत 14 नवोपक्रमी निघाले. मध्यमांतले 40 विचारले, 20 निघाले. लहानांतले 100 विचारले, 18 निघाले. नुसती बेरीज केली तर 160 पैकी 52, म्हणजे साडेबत्तीस टक्के. पण मध्यमांतला प्रत्येक उद्योग दोघांच्या वतीने बोलतो आहे आणि लहानांतला प्रत्येक पाचांच्या वतीने. तसे धरले तर 14 अधिक 40 अधिक 90, एकूण 144. 600 पैकी 144 म्हणजे 24 टक्के. साडेआठ टक्क्यांचा हा फरक केवळ हिशेबाच्या चुकीचा, आणि तो नेहमी शहराच्या कौतुकाच्या बाजूने पडतो. शिवाय 24 हाही अंदाजच. या नमुन्यावर खरा आकडा साधारण 18 ते 30 च्या दरम्यान कुठेही असू शकतो. पुढच्या सर्वेक्षणात 27 आले म्हणून ‘वाढ झाली’ असे जाहीर करण्याआधी हा पल्ला आठवावा.

प्रश्न कसे विचारावेत

नवोपक्रम, इनोव्हेशन, संशोधन हे शब्द मुलाखतीच्या पहिल्या अर्ध्या तासात न काढलेले बरे. ते ऐकले की लहान मालक म्हणतो, ‘आमच्याकडे कसले हो ते, आम्ही साधे वर्कशॉपवाले’, आणि जरा पुढारलेला मालक कंपनीचे माहितीपत्रक हातात ठेवतो. दोन्ही उत्तरे निरुपयोगी. त्याऐवजी कामाच्या एकेका भागाबद्दल विचारावे. माल कसा बनतो, कसा तपासला जातो, कसा पोचवला जातो, गिऱ्हाईक कसे मिळते, हिशेब कसा ठेवला जातो, माणसांची कामे कशी वाटली जातात, आणि यांतल्या प्रत्येकात गेल्या तीन वर्षांत काय बदलले. 2005 च्या आवृत्तीत वस्तू, प्रक्रिया, संघटन आणि विपणन असे चार प्रकार होते. 2018 पासून वस्तू-सेवा आणि व्यवसायप्रक्रिया असे दोनच राहिले आणि दुसऱ्याचे सहा उपविभाग झाले. हे विभाग तपासनीसाच्या टेबलावर कामाला येतात. मालकाला ते सांगण्याचे कारण नाही.

तीन वर्षे म्हणजे कोणती, हे मात्र अगदी स्पष्ट सांगावे. एप्रिल ते मार्च अशी तीन आर्थिक वर्षे सरळ आकड्यांत द्यावीत. तरीही लक्षात राहिलेली जुनी गोष्ट माणसे अलीकडे ओढून आणतात. पाच वर्षांपूर्वी घेतलेले मशीन ‘परवाच घेतले’ असते. अशा वेळी बिलाची तारीख पाहता आली तर उत्तम. नाहीतर कोविडच्या टाळेबंदीआधी की नंतर, मुलगा धंद्यात आल्यावर की आधी, अशा खुणा विचारून काळ पक्का करावा.

प्रत्येक बदलासाठी पाच गोष्टी लिहून घ्याव्यात, त्याही मालकाच्या शब्दांत. आधी काय होते, आता काय आहे, केव्हापासून, कोणी केले, आणि असे दुसरे कोणाकडे आहे. ‘क्वालिटी सुधारली’ हे वर्णन नव्हे. ‘आधी प्रेशर टेस्ट हाताच्या पंपावर व्हायची, आता टेस्ट बेंच आहे, दिवसाला चौपट व्हॉल्व्ह तपासून होतात’ हे वर्णन. मुलाखत घेणाऱ्याला प्रशिक्षण द्यायचे ते मुख्यतः याच एका कौशल्याचे.

शेवटच्या प्रश्नावरून नवेपणाची पातळी ठरते, म्हणजे फक्त या उद्योगाला नवे, की त्याच्या बाजारपेठेला नवे, की देशालाच नवे. इथे बाजारपेठ कोणती हे आधी विचारून घ्यावे. धारवाडच्या बेकरीची बाजारपेठ जुळी शहरे. व्हॉल्व्हच्या कारखान्याची बाजारपेठ तेलशुद्धीकरण कारखाने, वीजकेंद्रे आणि निर्यात. दोघांनीही ‘बाजारात पहिलाच’ म्हटले, तर त्या दोन उत्तरांचे वजन सारखे नाही.

जॉबवर्कचा पेच याहून अवघड. जॉबवर्क करणाऱ्या शॉपकडे रोज नवे ड्रॉइंग येते. मालक प्रामाणिकपणे म्हणतो, ‘दर महिन्याला वीस नवीन आयटम काढतो.’ हे वीस नवोपक्रम नव्हेत. गिऱ्हाइकाच्या ड्रॉइंगप्रमाणे माप बदलून बनवलेली वस्तू ही त्या शॉपची नवी वस्तू ठरत नाही, तिच्या गुणधर्मांत ठळक फरक असल्याशिवाय. आराखड्याचे श्रेय असलेच तर ड्रॉइंग देणाऱ्याकडे. पण ते ड्रॉइंग पेलण्यासाठी शॉपने नवी पद्धत बसवली असेल, पूर्वी कधी न वापरलेला मिश्रधातू मशीन करायला शिकले असेल, वर लिहिलेले फिक्स्चर केले असेल, तर तो व्यवसायप्रक्रियेतला नवोपक्रम आणि तो शॉपचाच. म्हणून अशा ठिकाणी ‘नवीन काय बनवले’ यापेक्षा ‘पूर्वी नाकारावे लागायचे असे कोणते काम आता घेता’ हा प्रश्न जास्त माहिती देतो.

खाद्यपदार्थांत दुसरा पेच येतो. धारवाडी पेढ्याचेच घ्या. ठाकूर आणि मिश्रा ही त्यातली दोन जुनी नावे. पेढ्याचा खोका नव्या चित्राचा केला, तर तो फार तर विक्रीपद्धतीतला बदल. हवाबंद वेष्टनामुळे पेढा अधिक दिवस टिकून दूरच्या गावी जाऊ लागला, तर ती सुधारलेली वस्तू. दोन्हीला दुकानदार ‘पॅकिंग बदलले’ एवढेच म्हणतो. कशासाठी बदलले आणि त्याने काय फरक पडला, हे विचारल्याशिवाय वर्गवारी होत नाही.

नवोपक्रम म्हणजे दर्जा नव्हे, हे हुबळीत बेंगेरीला गेल्यावर चांगले कळते. तिथल्या कर्नाटक खादी ग्रामोद्योग संयुक्त संघात भारतीय मानक ब्यूरोच्या निकषांप्रमाणे खादीचा राष्ट्रध्वज तयार होतो. सूत, विणीची घनता, रंग, शिलाई, चक्राची जागा, सारे मानकात ठरलेले. आकार नऊच, सर्वांत मोठा 6300 गुणिले 4200 मिलिमीटरचा. इथे वस्तूत फरक पडला तर तो माल नापास होतो. त्यामुळे ‘नवी वा सुधारलेली वस्तू’ या प्रश्नाला अशा उद्योगाचे उत्तर कायम ‘नाही’च येणार, आणि म्हणून तो मागासलेला ठरत नाही. त्याचे नवे काही असेल ते रंगाईच्या, कापणीच्या, तपासणीच्या पद्धतीत. डिसेंबर 2021 मध्ये ध्वजसंहितेत बदल होऊन पॉलिस्टर आणि यंत्रावर बनलेल्या ध्वजांनाही परवानगी मिळाली. बाहेरून आलेल्या अशा स्पर्धेला उद्योगाने काय उत्तर दिले, हा प्रश्नावलीत स्वतंत्र प्रश्न असावा.

कायद्याने करायला लावलेल्या बदलांचेही कारण नोंदवावे. 2017 मध्ये जीएसटी आला, आणि 1 ऑगस्ट 2023 पासून पाच कोटींवर उलाढाल असलेल्यांना ई-इनव्हॉइस सक्तीचे झाले. असंख्य उद्योगांनी हिशेबाचे नवे सॉफ्टवेअर घेतले. व्याख्येप्रमाणे तोही नवोपक्रम ठरू शकतो. कारणाचा रकाना नसेल, तर कर विभागाच्या एका अधिसूचनेमुळे शहरात नवोपक्रमाची लाट आल्याचे अहवालात दिसेल.

खर्च विचारताना ‘नवोपक्रमावर किती खर्च केला’ असे विचारून काही हाती लागत नाही. तशी नोंद लहान उद्योगात नसतेच. मशीन, सॉफ्टवेअर, कामगारांचे प्रशिक्षण, ड्रॉइंग वा डिझाइन, बाहेरचा सल्लागार, चाचणीत वाया गेलेला माल, अशा बाबी एकेक करून आणि रकमेचे गट देऊन विचाराव्यात. लॅटिन अमेरिकेसाठी 2001 मध्ये तयार झालेल्या ‘बोगोटा मॅन्युअल’ने फळापेक्षा प्रयत्नांच्या मोजणीवर भर दिला तो याच कारणाने. विकसनशील देशात नवोपक्रम बहुतेकदा विकत घेतलेल्या मशीनबरोबर येतो, आणि त्या मशीनमधून आपले काम काढून घेण्याची जी झटापट होते तीच खरी कमाई असते. सोडून दिलेले प्रयत्नही विचारावेत. का सोडले, याच्या उत्तरात पैसा, माणूस, वीज, बाजार यांतली नेमकी अडचण सापडते आणि संघटनेला सरकारदरबारी मांडायला मुद्दा मिळतो.

प्रत्यक्ष मुलाखत

प्रश्नावली इंग्रजीत आणि मुलाखत तोंडी भाषांतराने, हा सर्वांत वाईट प्रकार. हुबळी-धारवाडात एकाच वसाहतीत कन्नड, मराठी, हिंदी आणि गुजराती-मारवाडी बोलणारे मालक भेटतात. निदान कन्नड, हिंदी आणि मराठीत छापील प्रश्न हवेत. एकाने केलेले भाषांतर दुसऱ्याने मूळ न पाहता उलट करून तपासावे. मशीनिंग, सेटिंग, रिजेक्शन हे शब्द सर्व भाषांत तसेच ठेवावेत. त्यांना शुद्ध प्रतिशब्द दिले तर कोणालाच कळणार नाहीत.

उत्तर देणारा माणूस कोण, यावर उत्तर बदलते. मालकाला खर्च आणि गिऱ्हाईक माहीत असते, सुपरवायझरला शॉपमधले बदल. हिशेबनीस उपलब्ध असतो म्हणून त्यालाच विचारून परतणे सोपे पडते, पण त्याला यांतले फारच थोडे माहीत असते. मालकाची मुलाखत झाल्यावर शॉपमध्ये एक फेरी मारू देण्याची विनंती करावी. मालक सांगायला विसरलेले फिक्स्चर तिथे दिसते आणि माहितीपत्रकातले नवे मशीन धूळ खात पडलेलेही दिसते.

वेळ निवडताना मार्च टाळावा, आणि दर महिन्याच्या 11 व 20 तारखेच्या आसपासचे दिवसही, कारण तेव्हा जीएसटीची विवरणपत्रे भरायची असतात. उद्योजक संघटनेचे पत्र सोबत असले की दार लवकर उघडते. जीएसटी क्रमांक, कामगारांची नावे, वीजबिल मागितले की तेच दार बंद होते. यांतले काहीही या कामाला लागत नाही, तेव्हा मागू नये. उत्तरे गुप्त राहतील असे सांगायचे आणि तक्त्यात ‘धारवाड, बसबांधणी, मोठा उद्योग : 1’ असे छापायचे, म्हणजे नाव न घेता नाव घेतल्यासारखेच. ज्या रकान्यात तिनांहून कमी उद्योग येतात तो दुसऱ्यात मिसळावा.

उत्तर न देणारे उद्योग सरळ गाळू नयेत. त्यांच्यातल्या काहींना पुन्हा फोन करून दोन-तीनच प्रश्न विचारावेत. ज्यांच्याकडे सांगण्यासारखे आहे तेच मुलाखतीला तयार होतात, अशी शंका नेहमी असते आणि ती अशीच तपासता येते.

वर्गवारी आणि अहवाल

मुलाखती संपल्यावर प्रत्येक वर्णन दोन तपासनीसांनी एकमेकांना न विचारता वाचावे आणि नवोपक्रम आहे का, कोणत्या प्रकारचा, कोणत्या पातळीचा हे ठरवावे. जिथे मतभेद होतील तिथे तिसऱ्याने निकाल द्यावा, आणि हा तिसरा माणूस त्या धंद्यातला जाणकार असावा. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला टेस्ट बेंच आणि हातपंप यांतला फरक कळेलच असे नाही. पहिली वीसेक वर्णने सर्वांनी मिळून तपासली, की निकष एकसारखे लागतात. मतभेद किती टक्के प्रकरणांत झाले, ते अहवालात छापावे. मालकांनी स्वतः ‘हो’ म्हटलेले प्रमाण आणि तपासणीनंतर उरलेले प्रमाण, दोन्ही द्यावेत. या दोहोंतले अंतर हीसुद्धा त्या सर्वेक्षणाबद्दलची महत्त्वाची माहिती आहे.

एकच एक निर्देशांक काढून वसाहतींची क्रमवारी लावू नये. तारिहाळ पहिले आणि रायापूर तिसरे अशा बातमीने वर्तमानपत्राचा रकाना भरतो, पण वर दाखवलेला अंदाजाचा पल्ला पाहता त्या क्रमाला अर्थ नसतो. वस्तूंतले नवोपक्रम, प्रक्रियेतले नवोपक्रम, बाजारपेठेला नवे असणारे, चालू आणि सोडलेले प्रयत्न, नव्या मालाचा उलाढालीतला वाटा, हे पाच-सहा आकडे आकारानुसार आणि व्यवसायानुसार वेगळे द्यावेत.

सर्वेक्षण दोन-तीन वर्षांनी पुन्हा केले तरच बदल कळतो. त्यासाठी पहिल्या नमुन्यातले निदान निम्मे उद्योग पुन्हा घ्यावेत आणि जे बंद पडले त्यांचीही नोंद ठेवावी. प्रश्नांचे शब्द तेच राहू द्यावेत. एखादा प्रश्न बदलणे अपरिहार्य झाले, तर एका फेरीत निम्म्या उद्योगांना जुना आणि निम्म्यांना नवा प्रश्न चिठ्ठीने वाटून द्यावा. म्हणजे उत्तरांतला फरक शब्दांमुळे पडला की कारखान्यांमुळे, हे वेगळे काढता येते.